खोदाईविना वाहिनीदुरुस्ती : व्यापारी इमारतींचा फायदा कशात आणि किती?

व्यापारी इमारतीच्या तळमजल्याखालून जाणारी सांडपाण्याची वाहिनी फुटली, की पहिला प्रश्न दुरुस्तीच्या खर्चाचा नसतो. दुकानाचे शटर किती दिवस खाली राहणार, हा असतो. वाहिनी तीस-चाळीस मीटरची आणि बिघाड एखाद-दुसऱ्या जोडावरचा असला, तरी तेथवर पोहोचण्यासाठी लादी उखडावी लागते, काँक्रीट फोडावे लागते, पुरुषभर खोल चर खणावा लागतो. वाटेत विजेची केबल, गॅसची नळी किंवा शेजाऱ्याची पाण्याची जोडणी आडवी आली तर काम तेथेच थांबते. उपाहारगृह असेल तर स्वयंपाकघर बंद, दवाखाना असेल तर रुग्ण परत, कार्यालय असेल तर स्वच्छतागृहाला कुलूप. दुरुस्तीचे बिल शेवटी हाती पडते, तेव्हा बुडालेल्या धंद्याचा आकडा त्यात कुठेच नसतो.

या खोदाईला पर्याय आहे आणि तो नवाही नाही. जमीन न फोडता, जुन्या वाहिनीच्या पोटातच नवी वाहिनी तयार करण्याचे तंत्र १९७१ पासून वापरात आहे. 'ट्रेंचलेस' म्हणजे चरविरहित या नावाने ते ओळखले जाते. भारतात त्याचा परिचय झाला तो प्रामुख्याने सार्वजनिक मलवाहिन्यांच्या कामांतून. कोलकात्यातील १९व्या शतकात बांधलेल्या विटांच्या भुयारी गटारांत काचतंतूंच्या अस्तराचे खंड बसवण्याची कामे २००५ साली सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियानातून झाली. दिल्लीतही जल मंडळाने मोठ्या मलवाहिन्यांसाठी या पद्धतींचा अवलंब केला. खासगी व्यापारी संकुलांच्या आवारात मात्र अजूनही प्लंबर, दोन मजूर आणि पहार हाच पहिला उपाय ठरतो. 'ते महाग पडते' हे त्याचे नेहमीचे कारण. हे कारण अर्धे खरे आहे, आणि उरलेले अर्धे का खोटे, हे समजून घेतल्याशिवाय इमारतीच्या मालकाला किंवा प्रिमायसेस सोसायटीला योग्य निर्णय घेता येत नाही.

जमिनीखालचे दुखणे

मुंबई-पुण्यातील जुन्या व्यापारी इमारतींखाली बहुतेक ठिकाणी दोन प्रकारच्या वाहिन्या सापडतात. भिंतीवरून उतरणारे नळ बिडाचे, तर जमिनीखालून चेंबरपर्यंत जाणारी वाहिनी चिनीमातीची, म्हणजे आतून-बाहेरून झिलई दिलेल्या स्टोनवेअरची. हे पाइप लांबीने आखूड असतात. ६० सेंटिमीटरचा तुकडा धरला तर ३० मीटर वाहिनीत सुमारे ५० जोड येतात आणि ते सिमेंटने भरलेले असतात. पाइप शंभर वर्षे टिकतो, जोड टिकत नाही. जमीन किंचित खचली, वरून अवजड वाहन गेले, की सिमेंटला बारीक चीर पडते. हाऊसगल्लीच्या भिंतीतून उगवलेल्या पिंपळाची किंवा उंबराची केसासारखी मुळे पाण्याच्या शोधात त्या चिरेतून आत शिरतात आणि आत गेल्यावर जाड होऊन जोडच उकलतात. उपाहारगृह असलेल्या इमारतीत याच मुळांवर थंड झालेली चरबी बसते. मग दर दोन महिन्यांनी वाहिनी तुंबते, बांबूच्या कामट्या घालून ती मोकळी केली जाते, आणि मूळ दुखणे तसेच राहते.

बिडाच्या आणि सिमेंटच्या पाइपांचा शत्रू वेगळा. सांडपाणी साचून राहिले की त्यातून हायड्रोजन सल्फाइड वायू सुटतो. वाहिनीच्या वरच्या ओलसर भागावरील जिवाणू त्याचे सल्फ्युरिक आम्लात रूपांतर करतात. त्यामुळे पाइप तळापेक्षा माथ्याकडून आधी झिजतो. वरून पाहणाऱ्याला काही कळत नाही. एके दिवशी माथाच आत बसतो.

फुटलेली वाहिनी म्हणजे केवळ गळणारी वाहिनी, अशी सर्वसाधारण समजूत असते. दक्षिण मुंबईसारख्या, भरावाने तयार झालेल्या आणि भूजलाची पातळी उंच असलेल्या भागात अनेकदा याच्या नेमके उलट घडते. वाहिनीतून पाणी बाहेर जाण्याऐवजी बाहेरचे पाणी आत येते आणि येताना माती, वाळू घेऊन येते. प्रत्येक पावसाळ्यात थोडी थोडी माती वाहून जाते, लादीखाली पोकळी तयार होते आणि कारण लक्षात येण्यापूर्वीच फरशी खचते. चेंबरमध्ये वारंवार वाळू साचत असेल, तर ती कोठून तरी आली आहे आणि त्या जागी आता काही नाही, एवढे ओळखणे आवश्यक आहे.

दुसरा धोका आरोग्याचा. बहुतेक इमारतींच्या आवारात पिण्याच्या पाण्याची भूमिगत टाकी असते आणि जागेच्या टंचाईमुळे ती सांडपाण्याच्या चेंबरपासून फार दूर नसते. पाणीपुरवठा ठरावीक तासच होत असल्याने उरलेल्या वेळी पाण्याच्या नळातील दाब उतरतो. अशा वेळी शेजारच्या गळक्या वाहिनीतील घाण पाणी नळाच्या सैल जोडातून आत ओढले जाऊ शकते. उपाहारगृह, रुग्णालय किंवा वसतिगृह चालवणाऱ्यासाठी ही गोष्ट शटर बंद राहण्यापेक्षा गंभीर आहे.

आवारातील वाहिनी आणि तेथून पालिकेच्या मॅनहोलपर्यंतची जोडवाहिनी यांची देखभाल सामान्यतः मालमत्ताधारकानेच करायची असते. पागडीच्या इमारतींत यावरून मालक आणि भाडेकरू यांच्यात वर्षानुवर्षे वाद चालतात. वाहिनी मात्र निकालाची वाट पाहत नाही.

हॅक्नेमधील मोजा

१९७१ साली लंडनच्या हॅक्ने भागात एरिक वूड या अभियंत्याने एका जुन्या, व्हिक्टोरियाकालीन विटांच्या गटारात नवा प्रयोग केला. राळेत भिजवलेली कापडी नळी त्याने सुमारे ७० मीटर लांबीच्या गटारात घातली आणि ती तेथेच कठीण केली. रस्ता न खोदता गटाराच्या आत अखंड नवे गटार तयार झाले. जागच्या जागी आकार घेणारे, या अर्थाच्या लॅटिन शब्दांवरून या प्रक्रियेला 'इन्सिटूफॉर्म' असे नाव देण्यात आले. अमेरिकेत १९७७ मध्ये तिचे पेटंट मिळाले आणि १९९०च्या दशकात त्याची मुदत संपल्यानंतर अनेक कंपन्या या व्यवसायात उतरल्या. आज ती 'क्युअर्ड-इन-प्लेस पाइप' किंवा संक्षेपाने 'सीआयपीपी' म्हणून ओळखली जाते. १९७०च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटिश गॅसच्या बिडाच्या जुन्या नळांसाठी आणखी एक पद्धत पुढे आली. तिच्यात जुना पाइप आतूनच फोडून त्याच्या जागी नवा ओढला जातो. या साऱ्या तंत्रांच्या प्रसारासाठी १९८६ मध्ये लंडन येथे आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली. तिच्याशी संलग्न अशी भारतीय संस्थाही कार्यरत आहे.

सीआयपीपीचे काम कसे चालते, हे मोज्याच्या उदाहरणाने चटकन समजते. फेल्टची किंवा काचतंतूंची नळी आधी पॉलिएस्टर, व्हिनिल एस्टर अथवा इपॉक्सी राळेत भिजवली जाते. तिचे एक टोक चेंबरच्या तोंडाशी घट्ट बसवून पाण्याच्या किंवा हवेच्या दाबाने ती मोजा उलटा करावा तशी वाहिनीत उलटत पुढे ढकलली जाते. त्यामुळे आतली राळेची बाजू बाहेर येऊन जुन्या पाइपला चिकटते. नंतर गरम पाणी, वाफ किंवा अतिनील किरणांचे दिवे यांच्या साहाय्याने राळ कठीण केली जाते. गरम पाण्याला काही तास लागतात; अतिनील दिव्यांची गाडी वाहिनीतून ओढत नेली, की काम त्याहून लवकर उरकते. कठीण झालेल्या नळीला जोड नसतो, त्यामुळे मुळांना शिरायला जागा उरत नाही. शेवटी, मधल्या मधल्या जोडण्यांची तोंडे, जी अस्तराखाली झाकली गेलेली असतात, ती यंत्रमानवी कटरने आतून कापून मोकळी करतात.

आपल्याकडच्या उकाड्यात एक अडचण हमखास येते. उष्णतेने कठीण होणारी राळ भिजवल्यापासूनच हळूहळू पक्की होऊ लागते. त्यामुळे भिजवलेली नळी शीतगाडीतून किंवा बर्फात ठेवून आणावी लागते. मे महिन्यात वाहतूक कोंडीत अडकलेली नळी जागेवर पोहोचेपर्यंत कडक झाली, तर ती निकामी होते. अनुभवी कंत्राटदार अशी कामे रात्री ठेवतात.

पण या सर्वांआधीचे काम अधिक महत्त्वाचे, आणि तेच बहुतेकदा टाळले जाते. वाहिनी प्रथम उच्च दाबाच्या पाण्याने धुऊन, मुळे कापून, साफ करावी लागते आणि मग तिच्यातून कॅमेरा फिरवावा लागतो. लहान वाहिनीत तो लवचीक दांड्याच्या टोकाला असतो, मोठ्या वाहिनीत चाकांच्या छोट्या गाडीवर. पडद्यावर चित्राबरोबर किती मीटर आत गेलो हे उमटते. कॅमेऱ्याच्या डोक्यात संदेश देणारे उपकरण असेल, तर बिघाडाची नेमकी जागा जमिनीवरून खडूने आखता येते. कित्येकदा या तपासणीतूनच कळते, की संपूर्ण वाहिनीला काहीही झालेले नाही, एकाच जोडाला तडा आहे. मग त्या जागी हात-दीड हात लांबीचे ठिगळ आतून लावून भागते. कॅमेरा न फिरवता 'सगळी लाइन बदलावी लागेल' असे सांगणाऱ्याचा सल्ला मानण्याचे कारण नाही. तसेच कॅमेरा न फिरवता 'सगळीकडे अस्तर घालू' म्हणणाऱ्याचाही.

फायदा नेमका कोठे

खोदाईचा खरा खर्च चरात नसतो, तो चराभोवती असतो. ३० मीटर लांब, एक मीटर रुंद आणि दोन मीटर खोल चर खणला, तर ६० घनमीटर माती निघते. मोकळी झालेली माती फुगते, म्हणून ती ठेवायला आणि वाहून न्यायला ७०-७५ घनमीटरांची सोय करावी लागते. बाजारपेठेतील दुकानासमोर एवढा ढिगारा ठेवायला जागा कोठून आणणार? दीड मीटरपेक्षा खोल चराच्या बाजूंना आधार देणे भारतीय मानकानुसार आवश्यक आहे. म्हणजे फळ्या, टेकू आणि आणखी रुंदी. भरती-ओहोटीचा परिणाम होणाऱ्या भागात चरात पाणी भरते, पंप रात्रंदिवस चालवावा लागतो. काम झाल्यावर माती थराथराने ठोकून भरली नाही, तर वर्षभरात तीच लादी पुन्हा बसते.

जुन्या इमारतींच्या बाबतीत हा प्रश्न अधिक नाजूक होतो. फोर्ट परिसरातील अनेक व्यापारी इमारती भारवाही भिंतींवर उभ्या आहेत. भिंतीला लागून तिच्या पायाखाली जाणारा चर खणला, आणि त्यातून उपसलेल्या पाण्याबरोबर बारीक वाळूही निघून गेली, तर भिंतीखालचा आधार सैल होतो. दुरुस्ती सांडपाण्याच्या वाहिनीची, आणि तडा दुसऱ्या मजल्यावर, असे होऊ शकते. मुंबईतील व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींच्या समूहाला २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले. अशा वारसा इमारतींत उखडलेली नक्षीदार फरशी तशीच्या तशी पुन्हा बसवणे हे गवंड्याचे काम राहत नाही, त्यासाठी वेगळे कारागीर आणि परवानग्या लागतात. फरशीला हात न लावता होणारी दुरुस्ती ही येथे केवळ सोय नव्हे.

रस्त्याखालून जाणाऱ्या जोडवाहिनीसाठी परवानगीचा अडथळा आणखी मोठा. पालिकेकडे चर पूर्ववत करण्याचे शुल्क भरावे लागते, वाहतूक पोलिसांची संमती लागते, आणि मुंबईत साधारणतः मे अखेरपासून सप्टेंबरअखेरपर्यंत तातडीची कामे सोडल्यास रस्ता खोदण्यास परवानगी मिळत नाही. २०२३ पासून शहरात रस्त्यांच्या काँक्रीटीकरणाचे मोठे काम हाती घेण्यात आल्यानंतर नव्या रस्त्याला हात लावू न देण्याकडेच प्रशासनाचा कल आहे. काँक्रीटच्या रस्त्यात चर खणणे डांबरी रस्त्याप्रमाणे सोपेही नसते. तुकडा कापावा लागतो, पुन्हा ओतावा लागतो आणि तो पक्का होईपर्यंत वाहतूक वळवावी लागते. चेंबरमधून चेंबरपर्यंत जाणारे अस्तर या साऱ्या साखळीला वळसा घालते. अर्थात पालिकेच्या मॅनहोलमधून काम करायचे झाल्यास पालिकेची संमती लागतेच.

दुकाने आणि कार्यालये यांना सर्वांत जवळचा फायदा वेळेचा. वाहिनी साफ असेल आणि चेंबर दोन्ही टोकांना उपलब्ध असतील, तर तीस-चाळीस मीटरचे अस्तर एका दिवसात किंवा एका रात्रीत होऊ शकते. त्या काळात स्वच्छतागृहे बंद ठेवावी लागतात किंवा सांडपाणी पंपाने पुढच्या चेंबरमध्ये वळवावे लागते. 'काहीच बंद ठेवावे लागणार नाही' असे आश्वासन कोणी देत असेल तर ते चुकीचे आहे. पण शनिवारी रात्री सुरू करून सोमवारी सकाळी दुकाने नेहमीप्रमाणे उघडणे शक्य असते. खोदाईच्या कामात ते जवळजवळ अशक्य.

अस्तरामुळे वाहिनीचा व्यास कमी होतो, मग पाणी तुंबणार नाही का, ही शंका प्रत्येक सोसायटीच्या सभेत निघते. तिचे उत्तर आकड्यांत देता येते. १५० मि.मी. आतील व्यासाच्या वाहिनीत साडेचार मि.मी. जाडीचे अस्तर बसवले, तर व्यास १४१ मि.मी. उरतो आणि छेदाचे क्षेत्रफळ सुमारे १२ टक्क्यांनी घटते. मात्र पाणी किती वाहील हे पृष्ठभागाच्या खडबडीतपणावरही अवलंबून असते. त्यासाठी अभियंते मॅनिंगच्या सूत्रातील गुणांक वापरतात. जुन्या वाहिनीसाठी ०.०१३ आणि गुळगुळीत अस्तरासाठी ०.०१० हा गुणांक धरला, तर वहनक्षमता घटण्याऐवजी सुमारे १० टक्क्यांनी वाढते. शिवाय जोडांवरची खाच नाहीशी झाल्याने चरबी आणि कागद अडकायला जागा उरत नाही. या अस्तरांची रचना साधारणपणे ५० वर्षांच्या वापराचा हिशेब धरून केली जाते.

वाहिनी मुळातच अपुरी असेल, म्हणजे चार दुकानांसाठी टाकलेल्या वाहिनीवर आता वीस दुकाने आणि दोन उपाहारगृहे असतील, तर अस्तराचा उपयोग नाही. तेथे पाइप फोडून ओढण्याची पद्धत कामी येते. शंकूच्या आकाराचे पोलादी डोके जुन्या पाइपातून ओढले जाते. ते पाइपाचे तुकडे करून मातीत दाबते आणि मागोमाग एचडीपीईचा नवा, थोड्या मोठ्या व्यासाचाही पाइप खेचून घेते. यासाठी दोन टोकांना खड्डे घ्यावे लागतात आणि आजूबाजूची माती दाबली जाते. म्हणून जवळून गॅसची नळी किंवा केबल जात असेल, किंवा वाहिनी उथळ असून वर नाजूक फरशी असेल, तर ही पद्धत टाळलेली बरी.

पाण्याच्या आणि अग्निशमनाच्या नळांचे गणित वेगळे आहे. ते दाबाखाली असतात, त्यामुळे सांडपाण्याच्या वाहिनीसाठी योजलेले अस्तर तेथे चालत नाही. पिण्याच्या पाण्याच्या नळात आतून इपॉक्सीचा लेप देण्याची पद्धत परदेशात प्रचलित आहे, पण तो लेप पिण्याच्या पाण्यासाठी प्रमाणित असल्याचे प्रमाणपत्र पाहिल्याखेरीज काम देऊ नये.

चेंबरमध्ये माणूस उतरवू नये

या तंत्राचा एक फायदा कोणत्याही अंदाजपत्रकात येत नाही. वाहिनी तुंबली की आजही कित्येक व्यापारी संकुलांत एखाद्या मजुराला काही नोटा देऊन चेंबरमध्ये उतरवले जाते. वास घेऊन धोका ओळखता येतो, असा गैरसमज त्यामागे असतो. हायड्रोजन सल्फाइडचे प्रमाण वाढले की घ्राणेंद्रियच बधिर होते आणि वास येणे थांबते. त्यानंतर काही क्षणांत माणूस कोसळू शकतो. त्याला वर काढण्यासाठी उतरलेला दुसराही अनेकदा परत येत नाही.

हाताने मैला साफ करण्याच्या कामास प्रतिबंध करणारा कायदा २०१३ साली झाला. संरक्षक साधने आणि सुरक्षेची काळजी यांची पूर्तता न करता कोणालाही मलवाहिनी किंवा सेप्टिक टँकच्या धोकादायक सफाईसाठी, प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे, कामाला लावण्यास त्यात मनाई आहे. ही मनाई केवळ पालिकेला नाही, तर व्यक्ती आणि खासगी संस्थांनाही लागू आहे. पहिल्या गुन्ह्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि त्यानंतरच्या गुन्ह्यासाठी पाच वर्षे व पाच लाखांपर्यंत, अशी तरतूद आहे. सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१४ रोजी गटारातील मृत्यूंसाठी दहा लाख रुपये भरपाई ठरवली होती. २० ऑक्टोबर २०२३च्या निकालात ती ३० लाख रुपये करण्यात आली. काम कंत्राटदाराला दिले होते, माणूस त्याने उतरवला, हा बचाव 'अप्रत्यक्षपणे' या शब्दापुढे टिकणे कठीण आहे.

कॅमेरा, पाण्याचा उच्च दाबाचा झोत आणि वरून घातलेले अस्तर यांमुळे चेंबरमध्ये उतरण्याची गरज बहुतांशी संपते. शिवाय जोडच न उरल्याने वाहिनी वारंवार तुंबत नाही, आणि तुंबत नसल्याने कोणाला उतरवण्याचा मोहही होत नाही. काम देताना 'कोणीही चेंबरमध्ये उतरणार नाही' ही अट लेखी घालणे म्हणूनच शहाणपणाचे.

जेथे हे तंत्र चालत नाही

अस्तर जुन्या पाइपाचा आकार घेते. ते पाइप सरळ करत नाही. वाहिनीचा ढाळ बिघडून मध्ये पोट पडले असेल आणि तेथे पाणी साचत असेल, तर अस्तर घातल्यावरही ते तेथेच साचणार. कंत्राटदाराच्या माहितीपत्रकात ही गोष्ट क्वचितच असते. पाइप पूर्ण कोसळला असेल, तर नळी पुढे सरकायलाच वाट नसते. तेवढी जागा खोदावीच लागते. काटकोनी वळणांवर अस्तराला सुरकुत्या पडतात आणि एकापाठोपाठ एक जोडण्या असलेल्या आखूड वाहिनीत त्या उघडण्याचाच खर्च जास्त होतो. मोकळ्या आवारात, हातभर खोलीवर, वर नुसती माती असलेली पाच मीटरची वाहिनी असेल तर सरळ खोदून नवा पाइप टाकावा. तेथे ट्रेंचलेसचा आग्रह म्हणजे पैशाचा अपव्यय.

राळेच्या वासाकडे दुर्लक्ष करून चालत नाही. पॉलिएस्टर आणि व्हिनिल एस्टर राळेत सामान्यतः स्टायरिन असते आणि ती कठीण होताना त्याची वाफ सुटते. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, वाफेच्या पद्धतीत बाहेर पडणारा पांढरा धूर म्हणजे निव्वळ वाफ नसून त्यात स्टायरिनसह अन्य रासायनिक द्रव्येही असतात, हे दाखवून दिले. इमारतीत ही वाफ शिरते ती वापरात नसलेल्या नहाणी ट्रॅपमधून. ट्रॅपमधले पाणी सुकलेले असेल तर वाहिनी आणि खोली यांत अडसरच राहत नाही. कामाच्या आदल्या दिवशी प्रत्येक मजल्यावरील प्रत्येक ट्रॅपमध्ये बादलीभर पाणी ओतणे, हा फुकटचा आणि परिणामकारक उपाय आहे. रुग्णालय, पाळणाघर किंवा रात्री माणसे मुक्कामास असलेल्या इमारतीसाठी स्टायरिनविरहित इपॉक्सी राळ मागावी, जरी ती महाग असली तरी.

दर आणि करार

मीटरमागे दर पाहिला, तर अस्तराचा दर उघड्या खोदाईपेक्षा बहुधा जास्तच असतो. तुलना मात्र दोन दरांची न करता दोन पूर्ण कामांची करावी. खोदाईच्या बाजूला फरशी, माती वाहतूक, रस्ता पूर्ववत करण्याचे शुल्क, पंप, आधार आणि बंद दुकानांचे भाडे-उत्पन्न लिहावे; दुसऱ्या बाजूला अस्तरासोबत साफसफाई, कॅमेरा, सांडपाणी वळवणे आणि जोडण्या उघडणे. वाद होतात ते या शेवटच्या चार बाबींवर. निविदेत आकर्षक दर दिसतो तो फक्त अस्तराचा. बाकी कामे 'प्रत्यक्षाप्रमाणे' म्हणून खाली बारीक अक्षरांत असतात. जोडण्या किती, हे आधी मोजलेले नसेल तर बिल कोठवर जाईल हे सांगता येत नाही. झाकलेली एखादी जोडणी उघडायची राहून गेली, तर पहिल्या दिवशीच कोणाच्या तरी दुकानात सांडपाणी उलटते, हेही ध्यानात ठेवावे.

अस्तराची जाडी अंदाजाने ठरवायची नसते. वाहिनीची खोली, भूजलाची पातळी, वरून जाणारी वाहने आणि जुन्या पाइपाची अवस्था यांवरून ती काढण्याची पद्धत 'एएसटीएम एफ १२१६' या अमेरिकी मानकात दिलेली आहे. कंत्राटदाराने त्या हिशेबाची प्रत द्यावी, त्याच राळेचा आणि कापडाचा नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्यावा, आणि काम झाल्यानंतर पुन्हा कॅमेरा फिरवून दोन्ही चित्रफिती, आधीची आणि नंतरची, सोसायटीच्या ताब्यात द्याव्यात. अंतिम हप्ता ही दुसरी चित्रफीत पाहिल्यानंतरच द्यावा. ती नीट जपून ठेवली तर पुढल्या कार्यकारिणीला, किंवा जागा विकत घेणाऱ्याला, जमिनीखाली काय आहे हे पुन्हा शोधावे लागत नाही.

वेळेचे गणितही आपल्या हवामानानुसार मांडावे लागते. तपासणीसाठी पावसाळा सोयीचा. भूजल वर आलेले असताना कोणत्या जोडातून पाणी आत येते, हे कॅमेऱ्यात धारेसकट दिसते. उन्हाळ्यात तीच चीर कोरडी आणि निरुपद्रवी वाटते. अस्तर घालण्यासाठी मात्र कोरडा हंगाम हवा, कारण आत येणारी पाण्याची धार कठीण न झालेली राळ धुऊन नेते. ऑगस्टमध्ये कॅमेरा फिरवला, सप्टेंबरमध्ये निविदा मागवल्या, तर दिवाळीच्या खरेदीची गर्दी ओसरताच काम हाती घेता येते. त्या वेळी पाण्याची धार दिसलेले जोड आतून बंद करून घ्यावेत आणि मगच अस्तराची नळी आत सोडावी.